झोपलेली बाई

पहिल्या रांगेत बसलेल्या आईला पडद्यावर आधी स्वतःचं उघडं तोंड दिसलं.

मग बाकीची ती दिसली. इस्पितळाच्या धुलाईघरात, मळक्या चादरींच्या ढिगावर आडवी, गाढ झोपलेली. एक चप्पल पायात, दुसरी कुठल्या कुठे. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. पडदा भिंतीएवढा, म्हणून लाळही हातभर.

मंचावर तिची लेक माईक धरून उभी होती. "इतका वेळ मी आकडे सांगत होते, तेव्हा तुम्ही घड्याळं बघत होतात. आता बघतंय का कुणी?"

घड्याळाकडे कुणीच बघत नव्हतं. मागे कुणीतरी नाक ओढलं.

डबा द्यायला आली असताना लेकीनंच काढला होता हा फोटो. घरी दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

"अगं भवाने, आधी डिलीट कर तो! चारचौघांत शोभा करशील माझी."

"केला गं आई. हा बघ, गेला."

लेक तान्ही असताना झोपली, की आई तिच्या तोंडावर दुपट्याचं टोक ओढायची. झोपलेल्या लेकराकडे कुणी टक लावून बघू नये म्हणून. आता तीनशे माणसं टक लावून बघत होती.

"धुलाईघरातल्या बायकांना पाठ टेकायला एक खोली हवी आहे," लेकीचा आवाज भरून आला. "एवढं तरी द्याल ना हिला? हात वर करा."

हात वर झाले. दहा, वीस, मग सगळं सभागृहच. लेकीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पार शेवटच्या खुर्चीपर्यंत पाहिलं. पहिल्या रांगेकडे तेवढं पाहायचं राहिलं.

आईनं ओठ घट्ट मिटून घेतले.

शेजारच्या बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. "बिचारी! कोण जाणे, घरी कुणी विचारणारं तरी असेल की नाही हिला." मग त्यांचं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे गेलं. त्यांनी आपला रुमाल पुढे केला. "अहो, तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त रडताय. ओळखता का हिला?"

"हिला नाही," आई म्हणाली. "फोटो काढणारीला ओळखत होते."