बॅटरीचा काही दोष नाही

बॅटरीच्या दोन्ही टोकांना मीटरच्या सुया टेकवून बॅटरीवाल्याने आकडा वाचला. साडेबारा व्होल्टच्या वर. म्हणाला, ताई, ही ठणठणीत आहे, गेली म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?

कोण सांगणार? नवऱ्याने. आणि तो काही असातसा माणूस नव्हे. पंपांच्या मोटारी वाइंडिंग करून देणारा, चौकात स्वतःचं दुकान असलेला, जळक्या पंख्यातलीसुद्धा कामाची तार काढून ठेवणारा. असा माणूस महिनाभर बॉनेटवर थाप मारून सांगत होता, बॅटरी बसली, नवीनच घ्यावी लागेल. घ्यायला मात्र त्याला सवड होत नव्हती.

तिला ते पटत नव्हतं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तोंडी सांगितलेल्या आजारावर तिचा विश्वास नसे. आधी रिपोर्ट दाखवा, मग बोला. म्हणून आज नवरा स्कूटरवरून दुकानात गेल्यागेल्या तिने बॅटरीवाल्याला बोलावून घेतलं होतं.

आता गंमत बघा. हीच गाडी एरवी बाजारात जायची, लग्नाकार्याला जायची, कुठे म्हणून अडायची नाही. फक्त आईकडे निघायचं ठरलं की हिची बॅटरी बसायची.

आई दादाकडे होती, घाटापलीकडे, अंथरुणाला खिळलेली. वडील गेले त्या दिवसापासून मायलेकींत बोलणं नव्हतं. भरल्या घरात, सगळ्या नातेवाइकांसमोर, ही बोलून गेली होती की आईने हट्ट सोडून वेळेवर तपासण्या करू दिल्या असत्या तर बाबा आज असते. खरं होतं की नव्हतं, देव जाणे, पण तो काय बोलायचा दिवस होता? आता दादाने कळवलं होतं की आईचं काही खरं नाही. हिला एकदाच जाऊन आईचे पाय धरायचे होते, चुकलं म्हणायचं होतं. बाकी काही नको होतं. रोज डोळे उघडले की पहिला विचार हाच यायचा, आजचा दिवस आई काढेल ना.

फोन केला की दादा म्हणायचा, आत्ताच डोळा लागलाय तिचा. बसने जाते म्हटलं की नवरा म्हणायचा, घाटातले धक्के तुझ्या कंबरेला झेपायचे नाहीत, रविवारी मीच नेतो. रविवार यायचा आणि बॅटरी बसायची. कालच्या रविवारीही तेच झालं होतं.

बॅटरीवाल्याने तिला चावी फिरवायला सांगितलं. गाडीने हूं की चूं केलं नाही. मग त्याने काळ्या वायरचा क्लॅम्प हलवला, तर तो अलगद त्याच्या हातात आला. त्याने तो पुसून परत बसवला, पान्याने आवळला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. चालू इंजिनवरही त्याने मीटर लावून पाहिलं. चार्जिंगही व्यवस्थित होतं.

खड्ड्यांनी ढिला झाला असेल, ती म्हणाली. म्हणतानाच तिला ते खोटं वाटत होतं.

"खड्ड्यांनी होईल तो हळूहळू होईल," बॅटरीवाल्याने नटावर बोट ठेवलं. "हा पाना लावून सैल केलाय. कडा बघा, ताज्या घासल्यात. बॅटऱ्या विकूनच माझं पोट चालतं ताई, पण नसलेला आजार कसा सांगू?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न झाल्यापासून आई ह्याला चारचौघांत तारा गुंडाळणारे जावई म्हणून हिणवायची. हा हसण्यावारी न्यायचा. म्हणजे सगळं मनात धरून बसला होता तर. मरणाच्या दारातल्या बाईवर सूड उगवत होता, तोही पान्याने.

तिने गाडी थेट दुकानासमोर नेऊन उभी केली. तांब्याची तार हातात तशीच धरून नवरा स्टुलावरून उठला. आधी गाडीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"क्लॅम्प तुम्ही सैल करत होतात," ती म्हणाली.

त्याने नाही म्हटलं नाही. "जाऊ नकोस," तो म्हणाला. "एवढं एक ऐक माझं."

"मला आईला भेटू द्यायचं नाहीये तुम्हाला."

तो हातातल्या तारेचा पीळ काढत राहिला. 

"हो," शेवटी म्हणाला. "तसंच समज."

तिने त्याला ऐकवलं की भेटीआधी आईचं काही बरंवाईट झालं तर या जन्मात तुमचं तोंड बघणार नाही. ती ते रागाच्या भरात बोलली नव्हती. घाट चढताना तिने मनाशी पक्कंच केलं, परत जायचं नाही. आई आहे तोवर दादाकडेच राहायचं, तिचं सगळं आपल्या हाताने करायचं. पुढचं पुढे.

दार वहिनीने उघडलं आणि हिला बघून तिचा चेहरा उतरला. आतून दादा आला. ये म्हणायचं सोडून त्याने विचारलं, एकटीच आलीस? ते कुठे आहेत? ती सरळ आतल्या खोलीत गेली.

आई जागी होती. अंगाने मूठभर उरली होती, पण डोळे लखलखीत. ही पायथ्याशी बसली, चादरीवरूनच तिने आईचे पाय धरले. येताना वाटभर जुळवलेलं सगळं विसरली.

"आई, चुकलं माझं."

आईने पाय आखडून घेतले. तिने हिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दारात उभ्या असलेल्या दादाकडे बघून ती तुटक तुटक म्हणाली, "जावयांपुढे मी हात जोडले होते रे, मी मरेपर्यंत हिला माझ्यासमोर आणू नका म्हणून. त्यांनीही माझं ऐकलं नाही."