विश्रांती

बास्केटबॉल संघ हा शेवटचा साखळी सामना हरला, तर बाद फेरीत दुबळ्या प्रतिस्पर्ध्याशी गाठ पडणार होती. म्हणून मोठे खेळाडू धडधाकट असूनही विश्रांतीच्या नावाखाली सूट घालून बाकावर बसले होते. वर्षभर तोच बाक उबवणारा टेरेल आज पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळत होता. त्याच्या नावाची जर्सी दुकानात मिळत नाही, म्हणून आईने साध्या जर्सीवर त्याचं नाव सुईदोऱ्याने भरलं होतं. तीच घालून ती टोलेडोहून आली होती. टेरेलचे चेंडू एकामागून एक जाळीत पडले, संघ पुढे गेला, तसं कोचने त्याला बाहेर बोलावलं. “माझं काय चुकलं, कोच?” “काहीच नाही रे. असाच खेळलास तर जिंकू आपण. बस गपचूप.” टेरेलने टॉवेलात तोंड खुपसलं. मागच्या रांगेत आई शेजारणीला सांगत होती, “बघितलंत? आता माझ्या लेकालाही मोठ्यांसारखं जपायला लागले!”