पंत काय म्हणतोय

पंत मायक्रोफोनमध्ये काहीतरी बोलला आणि पडद्यावर उमटलं, ‘गाढव कपाटात उद्या.’

आईला हसू आवरेना. कॉलेजच्या मदत कक्षातल्या मॅडमही हसल्या, पण जरा ओशाळून.

“काय म्हणाला हो तो, काकू?”

“खिडकी लावा म्हणतोय. वारा लागतोय त्याला.”

मॅडमनी उठून खिडकी लावली. पंतनं बंद खिडकीकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली.

पंत हे त्याचं घरातलं नाव. तान्हा असल्यापासून चेहरा गंभीर, म्हणून आजोबांनी ठेवलेलं. जन्माच्या वेळीच मेंदूला इजा झाली, त्यामुळे हात, पाय, जीभ काहीच त्याच्या ताब्यात नव्हतं. डोकं मात्र लख्ख. एका बोटानं एक ओळ टाइप करायची तर अर्धी दुपार जायची, आणि बोलणं परक्या माणसाला मुळीच समजायचं नाही. शाळेपासून प्रत्येक तासाला आई त्याच्या शेजारी बसली आणि तो काय म्हणतोय ते सगळ्यांना सांगत आली. “हिच्यावाचून त्याचं पान हलत नाही,” जावा-नणंदा कौतुकानं म्हणायच्या. ते ऐकलं की आईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

यंदा मात्र परीक्षक अडून बसले. तोंडी परीक्षेत आईनं सांगितलेली उत्तरं चालणार नाहीत. गेल्या वर्षी त्याच परीक्षेत पंत जेमतेम काठावर सुटला होता. यंदा नापास झाला तर वर्ष गेलं.

म्हणून बोललेलं लिहून काढणारं सॉफ्टवेअर कॉलेज घेणार होतं. समोर दोन होती. पहिलं आयतं, सगळ्यांसाठी एकच. गाढव कपाटात घातलं ते त्यानंच. दुसरं एकाच माणसाचा आवाज शिकत जाणारं. त्यासाठी पंतनं पडद्यावरची वाक्यं रोज मोठ्यानं वाचायची होती.

“त्याचे काही ठरलेले उच्चार असतील तर सांगा ना,” मॅडम म्हणाल्या. “‘श’ कसा म्हणतो, ‘र’ कसा म्हणतो...”

“असं सुटं सुटं नाही सांगता येत, मॅडम. ते आईलाच कळतं.”

“बरं. मग वाचन चालू असताना तुम्ही बाहेर बसाल का? तुमचा आवाज मध्ये येतो.”

आजवर तिला कुणी बाहेर बसवलं नव्हतं. ती व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली. दाराआडून पंतचा आवाज यायचा, मग मॅडमचा, मग दोघांचं हसणं. पंत असा खळखळून घरी कधी हसला होता, ते तिला आठवेना. कालची पोरगी ही, हिनं माझ्या लेकराला काय खूळ लावलं? पाण्याच्या बाटलीचं निमित्त करून ती मध्येच आत डोकावायची. ती दिसली की हसणं थांबायचं.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, “काकू, एखाददुसरा शब्द कळायला लागलाय मला. किती विनोदी आहे हो हा! तुम्हाला काय सांगायचं म्हणा.”

“तर काय,” आई म्हणाली. घराच्या वाटेवर तिनं त्याची चाकांची खुर्ची जरा जोरातच ढकलली. “आवडायला लागली वाटतं मॅडम?”

पंत काहीतरी बोलला. बराच वेळ बोलत राहिला.

“बरं बाबा, सरळ घरी जाऊ,” आई म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिनं प्राचार्यांना गाठलं. “सर, पहिलंच घ्या. या दुसऱ्यापायी पोरगं दमून जातं. घशाला कोरड पडते त्याच्या.”

“त्याला काय वाटतं?”

पंत खुर्चीत जरा पुढं झाला आणि बोलला. मान ताठ करून, एकेक शब्द तोडत.

“पहिलंच बरं, म्हणतोय,” आई म्हणाली.

“हो ना रे?” प्राचार्यांनी विचारलं.

पंतनं आईकडे पाहिलं. मग हळूच मान डोलावली.

मॅडमचा चेहरा पडला. “सर, वाचन संपत आलंय. एकदा चाचणी होऊ द्या, मग काय ते ठरवा.” प्राचार्य तयार झाले.

चाचणी प्राचार्यांच्या खोलीतच झाली. मॅडमनी मायक्रोफोन पंतच्या तोंडाजवळ धरला. यंत्रानं पुन्हा गाढव आणावं, असं आईच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

“बोल,” प्राचार्य म्हणाले. “तुला हवं ते बोल.”

पंतनं मान वळवली, आईकडे पाहिलं आणि बोलला.

“नमस्कार सर, म्हणतोय,” आई सवयीनं म्हणून गेली.

पडद्यावर एकेक शब्द येऊ लागला. मॅडमनी वाचलं. प्राचार्यांनी वाचलं. मग आई पुढं वाकली.

‘आई, आता तुला अंदाजानं सांगत बसावं लागणार नाही.’