ओहोटी

होडी चिखलात रुतली तेव्हा समोरच्या काठावरचा दवाखाना हरेशला स्पष्ट दिसत होता. बायको, सुगंधा, त्याच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती. खाडीकाठच्या तिवरांत लाकडं तोडताना तिच्या पायाला नाग डसला होता, आणि बेटावरून दवाखान्याला जायला या पाण्याशिवाय दुसरी वाट नव्हती.

"उचलून नेतो," म्हणत हरेशने खाली उडी मारली आणि तो कंबरेपर्यंत गाळात गेला. वल्हं मारणाऱ्या सासऱ्याने त्याला कसंबसं वर ओढलं.

"पानी येऊदे. ह्यो गाळ कोनाला सोडत नाय."

"म्हावरं सुकत घातलंय," सुगंधा जड जिभेने म्हणाली. "कुत्री खातील."

"मी बगतो. तू बोलत ऱ्हा."

ती बोलत राहिली. मग शब्द अडखळू लागले, पापण्या मिटल्या आणि श्वास थांबला. हरेश तिला हाका मारतच राहिला.

दुपार कलल्यावर भरती आली, होडी अलगद तरंगली. म्हाताऱ्याने वल्हं हातात घेतलं. लेकीकडे पाहायचं त्याने टाळलं.

"हरेश, कुठं न्यू?"

हरेशने मागे, बेटावरच्या गावाकडे बोट दाखवलं. खाडी आता काठोकाठ भरली होती.