बिनकागदाचा टंबलर

टंबलरवर फोटो छापण्यात अख्ख्या कुमासीत माझा हात धरणारं कोणी नाही. फोटोचा कागद टंबलरला पट्टीने गुंडाळायचा आणि यंत्रात तापवायचा; रंग फिका आला तर आच कमी पडली, मागे सावली उमटली तर कागद सरकला.

अफ्राकोमा तिच्या आईच्या शनिवारच्या अंत्यविधीत आठवण म्हणून वाटायचे, आईचा फोटो छापलेले टंबलर बघायला आली. पहिल्याच टंबलरवर म्हातारीच्या खांद्यामागे एक पुसट चेहरा होता.

"मावशी, हे कोण?"

"कोण कसलं! कागद सरकलाय."

मी कागदावरची पट्टी घट्ट ओढून दुसरा छापला. चेहरा आणखी ठळक आला.

"यंत्राला जुना रंग चिकटला असेल," म्हणत मी कागद न लावताच कोरा टंबलर तापवला.

त्यावर म्हातारी नव्हती. मागचा चेहरा तेवढा लख्ख उमटला होता.

अफ्राकोमाने टंबलर हातात घेतला.

"मावशी, माझा फोटो तुमच्याकडे कुठून आला?"