पहिलं माप

युटाच्या त्या कोरड्या पठारावर नजर जाईल तिथवर लाल खडक, आणि पाणी म्हणाल तर एका कड्याच्या फटीतून पडणारी करंगळीएवढी धार. ती धार दिवसाला किती पाणी देते, हे वल्लरीला पीएचडीसाठी मोजायचं होतं. मदतीला आला होता जय, अमेरिकेतल्याच ट्रॉय शहरात वाढलेला, मराठी जेमतेम समजणारा.

सकाळ मोठी मजेत गेली. तो कडा आवाज इतका हुबेहूब परत करायचा की जयने त्याला हाका मारल्या, शिंकून दाखवलं, शेवटी गाणंही म्हटलं. कड्याने सगळं इमानाने परत केलं.

मग वल्लरीने नांदेडहून आणलेला स्टीलचा तांब्या धारेखाली धरला. तो भरल्यावर जयने बादलीत ओतला आणि ओरडला, "वन!"

कड्यातून आलं, "लाभ!"

वल्लरी खुदकन हसली. धान्य मापताना तिची आई पहिल्या मापाला एक म्हणत नसे, लाभच म्हणे. पण जयला हा शब्द ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"व्हॉट्स लाभ?" जय हसतच म्हणाला. "दॅट वॉज यू, राइट?"

"नाही रे. मी तोंडही उघडलं नाही."

दोघं एकमेकांकडे बघत असतानाच फटीतली धार तुटली. पाणी पडल्याचा आवाज मात्र येत राहिला. खडकाच्या आत कुणीतरी भरलेलं भांडं सावकाश ओतत होतं.

"दोन," आतून कुणीतरी खुशीत म्हणालं.