बोरीखेडचं तिकीट

भागवत कंडक्टरला आज तिकिटाचं नवं मशीन मिळालं. मोबाईलएवढं, बोटानं सरकवायचं. गाडी निघायची वेळ झाली तरी तो थांब्यांची नावं खालीवर सरकवतच होता.

"काय पाहून राह्यला बे एवढं?" गोपाल ड्रायव्हरनं विचारलं.

"आमचं बोरीखेड आहे याच्यात."

"बोरीखेड? ते तं धरणात बुडालं ना! चुकून राह्यलं असन. सायबाले सांग, काढून टाकतीन."

"हाव, सांगतो," भागवत म्हणाला, आणि साहेबांच्या खोलीसमोरून तसाच पुढे निघून गेला.

संध्याकाळी पुनर्वसनातल्या घरी आल्यावर त्यानं आईच्या हातावर स्वतःच्या पैशानं काढलेलं एक तिकीट ठेवलं. तिनं ते डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर लावत वाचलं. जळगाव जामोद ते बोरीखेड.

"खरं हाये का रे हे?"

"मशीनमधून निघालं, माय."

ती बराच वेळ त्या नावावरून अंगठा फिरवत राहिली. मग तिकिटाची घडी करून तिनं पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली.

"वापसीचं नको काढू, बाप्पा."